शिल्पाच्या लग्नाची गादी

पहाटे साडेचारला जिलानी पिंजाऱ्याने देगलूरच्या आपल्या दुकानाचं शटर वर केलं. इथे त्याच्या आज्यानेही गाद्या भरल्या होत्या. शेतकरी सटवाजीच्या लेकीचं, शिल्पाचं लग्न उद्यावर आलेलं. तिची गादी दुपारी वऱ्हाडाच्या टेम्पोत चढायला हवी होती.

पण सटवाजीच्या रुईचं गाठोडं कोपऱ्यात नव्हतं.

"शारिक, सटवाजीची रुई कुठाय?"

थोरला लेक डोळे चोळत बाहेर आला. "लातूरच्या ऑनलाइन गिऱ्हाइकाच्या गादीत भरली. आपली संपली होती. बाजारातली आणून भरू की, अब्बा. खोळीच्या आत कोण बघून राहिलं?"

लेकीची गादी बापाच्या शेतातल्या कापसाचीच लागते. त्यासाठी सटवाजीने पहिल्या वेचणीचा कापूस विकला नव्हता.

"गादी गेली?"

"ट्रान्सपोर्टात हाय. पण अब्बा, उशीर झाला तर ते गिऱ्हाईक मोबाइलवर वाईट लिहील. सगळे वाचतात."

"सटवाजी लिहीत न्हाई, बाजारात बोलतो. हातगाडी काढ."

ते ट्रान्सपोर्टवर पोचले तेव्हा लातूरची गाडी सुरू होती आणि गादी सगळ्यांत खाली. ड्रायव्हरच्या शिव्या खात बापलेकांनी वरचा माल उतरवला, गादी ओढली, माल पुन्हा चढवला.

जिलानी टाके उसवत होता, तेवढ्यात सटवाजी दारात आला. गादी भरताना घरचं माणूस समोर बसतंच.

"जिलानीमामू, ही फुलाफुलाची खोळ कुणाची?"

शारिकने मान खाली घातली. जिलानीने दाभण खाली ठेवला.

"खोळ लातूरकराची. आतली रुई तुझी. माझ्या पोरानं भलत्या खोळीत घातली. वाटंतून धरून आणली."

उसवलेल्या फटीत हात घालून सटवाजीने मूठभर रुई काढली आणि उजेडात धरून पाहिली.

"म्हंजे लग्नाआधीच पळून चालली होती म्हणा की!" तो म्हणाला आणि उंबऱ्यावर मांडी घालून बसला. "आता शेवटचा टाका पडेस्तोवर मी उठत न्हाई."

रुई पुन्हा पिंजली. शारिकने ती शिल्पाच्या खोळीत घालून, काठीने बडवून कोपरे भरले. जिलानीने एक दाबून पाहिला.

"पोकळ हाय. उसव."

शारिकने उसवला. वऱ्हाडाचा टेम्पो हॉर्न वाजवत उभा राहिला, तेव्हा जिलानी शेवटची गाठ मारत होता.

सटवाजीने मजुरी ठरल्याप्रमाणे दिली. ती संध्याकाळीच लातूरच्या गिऱ्हाइकाची नवी रुई आणि गाडीभाडं यांत गेली.