कोजागिरीनंतर पाचव्या दिवशी

पनवेल तालुक्यातच काय, उभ्या रायगड जिल्ह्यात दिवा घेऊन शोधलंत तरी आमच्या साडूंइतकी सहलीची तयारी केलेला आणि सहलीला न गेलेला माणूस तुम्हाला सापडायचा नाही. हिमाचलातल्या कुठल्या वळणावर चहा बरा मिळतो, कुठल्या पुलावर मोबाइलला रेंज येते, कुठल्या उतारावर सकाळी किती वाजता ऊन पोचतं, हे सगळं त्यांना खांदा कॉलनीतल्या तिसऱ्या मजल्यावर बसून ठाऊक. त्यांचा जन्म गेला कळंबोलीच्या लोखंड बाजारात. कुठला ट्रक कधी भरायचा, कधी सोडायचा आणि कुठे कधी पोचायला हवा, याची वेळापत्रकं आखण्याचं काम त्यांनी तिथे केलं. निवृत्त झाल्यावर ट्रक हातचे गेले, तेव्हा त्यांच्या तावडीत आम्ही सापडलो. आम्ही म्हणजे मी, माझी बायको आणि तिची थोरली बहीण, म्हणजे साडूंची बायको. त्यांना मीही ताईच म्हणतो. साडूंच्या कागदावर आम्ही एक, दोन आणि तीन नंबरची गाडी होतो, आणि स्वतः ते नेहमीसारखे ऑफिसात.

या सगळ्या खटाटोपाचं मूळ एका फोटोत आहे. साडूंचं लग्न वैशाखात झालं, पण रजा मिळाली ती थेट आश्विनात. कोजागिरीचं दूध पिऊन दुसऱ्या दिवशी दोघांनी गाडी धरली आणि पाचव्या दिवशी कुलूच्या पलीकडच्या एका खोऱ्यात, डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीवरच्या गावात पोचले. तिथे एका मोठ्या अक्रोडाखाली ताई उभ्या राहिल्या. झाड नखशिखांत पिवळं झालेलं, एक पान त्यांच्या डोक्यावर येऊन बसलेलं, आणि ताई खळखळून हसत होत्या. साडूंनी मित्राच्या उसन्या कॅमेऱ्याने फोटो काढला. पनवेलला आल्यावर स्टुडिओवाल्याने छत्तीसच्या छत्तीस फोटोंची कोरी पट्टी हातात ठेवली. रोल आत नीट बसलाच नव्हता. ताईंनी हा किस्सा हसत हसत चारचौघांत शंभर वेळा सांगितलाय, आणि शंभरही वेळा साडू खिडकीबाहेर बघत बसलेले मी पाहिलेत. एकदाच ते मला म्हणाले होते, "मला हिमालय वगैरे काही नको हो. तेवढा एक फोटो हवाय. तेच झाड, तीच पानं, आणि ही." त्या दिवशी मला त्यांची दया आली आणि मी मान डोलावली. पुढची तीन वर्षं मी त्या मान डोलावण्याची फळं भोगली.

सर्वप्रथम त्यांनी 'शरद मोहीम' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. त्यात चार माणसं, आणि लिहिण्याचा अधिकार फक्त साडूंना. पहाटे साडेपाचला सूचना यायची, "सर्वांनी आपापल्या बुटांचे तळवे तपासून कळवावे." कळवावे कुठे? ग्रुपवर लिहिता येत नाही, म्हणून फोन करायचा. फोन केला की म्हणायचे, "फोनवर नको, लेखी हवं." म्हणजे मी जुन्या पनवेलातून स्कूटर काढून, उड्डाणपूल ओलांडून, दोन ओळींची चिठ्ठी खांदा कॉलनीत नेऊन द्यायची. एकदा मी वैतागून चिठ्ठीत लिहिलं, 'तळवे जागेवर आहेत, डोकं ठिकाणावर नाही.' साडूंनी ती शांतपणे वाचली, फाइलला लावली आणि खाली शेरा मारला, 'एक नंबर गाडी. तब्येत पाहावी.'

मग तालमी सुरू झाल्या. थंडीची सवय व्हावी म्हणून एका रविवारी त्यांनी आम्हाला स्वेटर, मफलर, कानटोप्या, हातमोजे असा सगळा जामानिमा चढवून कर्नाळ्याच्या चढावर न्यायचं ठरवलं. महिना ऑक्टोबर. आमच्याकडे ऑक्टोबरात माणूस पंख्याखालीसुद्धा बनियन काढून बसतो. नेणारा गाडीवाला शिरढोणचा. आरशातून तो आमच्याकडे दोन-तीनदा बघत राहिला आणि शेवटी न राहवून म्हणाला, "काका, कोनाला ताप हाय का? तसा आसल तं सांगा, गाडी सरल हास्पिटलान घेतो. लाजाचा काय नाय." साडू मात्र घड्याळ लावून आमचा घाम मोजत होते. माझी बायको अर्ध्या वाटेत कानटोपी भिरकावून म्हणाली, "भाऊजी, मी बर्फात मरायला तयार आहे, पण कर्नाळ्याला उकडून मरणार नाही." यावर त्यांनी वहीत नोंद केली, 'दोन नंबर गाडी गरम होते.'

पण कर्नाळा परवडला, असं वाटायला लावणारा प्रकार पुढेच होता. फोटोचा सराव. त्यांच्या सोसायटीच्या आवारात एक देशी बदामाचं झाड आहे. त्याची पानं पिकली की लाल होतात, तेव्हा अक्रोड समजून त्याच्यावर प्रकाशाचा अभ्यास करायचा. ताईंनी साफ सांगितलं, "मी पन्नास बायकांसमोर झाडाखाली उभी राहून हसणार नाही." मग झाडाखाली कोण? अर्थात एक नंबर गाडी. ताईंची मोहरीच्या रंगाची शाल डोक्यावरून घेऊन, एक पान केसांत खोचून, मी त्या बदामाखाली पाऊण पाऊण तास उभा राहिलोय. "साडूभाऊ, हनुवटी खाली. हं, आता हसा. नाही, तसं नाही, ही हसते तसं हसा." मी बँकेत अधिकारी आहे. आमचे दोन खातेदार त्याच सोसायटीत राहतात. दुसऱ्या दिवशी काउंटरवर त्यातल्या एकाने मला फार हळुवारपणे विचारलं, "साहेब, घरी सगळं बरं आहे ना?"

इतकं करून जायचं तर नाव नाही. पहिल्या वर्षी निघण्याच्या आठवडाभर आधी पाठीवर दहा किलो तांदूळ बांधून जिने चढण्याचा सराव झाला आणि त्यात साडूंचाच पाय मुरगळला. दुसऱ्या वर्षी बॅगा दारात आल्या होत्या. एवढ्यात त्यांनी कुठेसं वाचलं, की पाचव्या दिवशी त्या खोऱ्यात ढग असतील. झालं! "पानांवर ऊन नसेल तर जाऊन काय उपयोग? माल वाटेतच थांबवा." मी रजेचा अर्ज मागे घ्यायला गेलो तेव्हा आमचे मॅनेजर नुसतं खुर्चीकडे बोट दाखवून बसा म्हणाले. त्या दिवशी मी कानाला खडा लावला. बायकोला सांगितलं, की तुझ्या भाऊजींचं नाव या घरात काढायचं नाही. ती म्हणाली, "ताईकडे बघून जरा सोस. मनातून तिलाही जायचंय, बोलत नाही इतकंच." मी तो खडा काढून ठेवला.

तिसऱ्या वर्षी मात्र साडूंनी निर्धारच केला. काही झालं तरी कोजागिरीचं दूध पिऊन दुसऱ्या दिवशी निघायचं आणि पाचव्या दिवशी झाडाखाली हजर व्हायचं. पहिल्या वेळी तसंच झालं होतं ना, मग तसंच. त्यांचं सगळं वेळापत्रक त्या पौर्णिमेला खुंटीसारखं बांधलेलं होतं. त्याच वर्षी अधिक श्रावण आला. अधिक महिना म्हणजे जावयांची चंगळ. आमची सासुरवाडी पेणची. सासूबाईंनी दोघांना मानाने बोलावलं, ताम्हनात दिवा लावून तेहतीस-तेहतीस अनारसे पुढे ठेवले. साडूंनी ताटाशेजारीच नकाशा पसरला आणि अनारशाचा एकेक तुकडा ठेवून मला मुक्काम समजावले. मी मुक्काम खात गेलो. वाढता वाढता सासूबाई म्हणाल्या, "यंदा अधिकामुळे सगळे सण लांबले गं बाई. दिवाळी केवढी उशिरा!" आम्ही चौघांनी माना डोलावल्या आणि आणखी तूप घेतलं. घटस्थापनेच्या सुमारास, त्या गावात ज्याच्या खोल्या ठरवल्या होत्या त्या घरमालकाचा फोन आला, "साब, जल्दी आ जाओ, पत्ते रुकेंगे नहीं." साडूंनी फोन ठेवला आणि डोळा मिचकावून मला म्हणाले, "खोल्या भरायची घाई झालीय त्याला. आपला दिवस ठरलेला आहे."

आम्ही गेलो. खरंच गेलो. निघताना गाडीत बसलेल्या साडूंच्या चेहऱ्याकडे बघून मी तीन वर्षांचं सगळं विसरायला तयार झालो होतो. पाचव्या दिवशी सकाळी नऊच्या ठोक्याला आम्ही त्या गावातून चढून वर पोचलो. झाड तिथेच होतं. साडूंनी ते लांबूनच ओळखलं आणि जवळजवळ धावत सुटले. मग मध्येच थांबले. झाडावर एकही पान नव्हतं. खाली तपकिरी, कुजट पानांचा थर, त्यावर रात्रीचं दव, आणि वर आभाळात नुसत्या काटक्या. आजूबाजूचा सगळा डोंगर तसाच, खराट्यासारखा. घरमालक मागून येऊन हळूच म्हणाला, "साब, बीस दिन पहले पूरा पीला था." साडू त्याच्याकडे बघतच राहिले. "पण कोजागिरी..." एवढंच म्हणाले.

ताईंनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाल्या, "अहो, यंदा अधिक होता ना! महिनाच पुढे गेला सगळा. झाडांना काय माहीत आपला अधिक?" मग माझ्याकडे वळून, "तेहतीस-तेहतीस अनारसे खाल्लेत दोघांनी. एकालाही आठवू नये?"

खरं सांगतो, या क्षणाची मी तीन वर्षं वाट पाहिली होती. साडूंना सुनवायची वाक्यं माझी तोंडपाठ होती. एकेका रविवारचा, एकेका कानटोपीचा हिशोब मला चुकता करायचा होता. पण साडू एका दगडावर बसले, ती जाडजूड फाइल मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "चुकलं माझं." या माणसाच्या तोंडून हे शब्द मी कधी ऐकले नव्हते. ट्रक उशिरा पोचला तर त्यात रस्त्याची चूक असायची, पाय मुरगळला तर त्यात जिन्याची. आता ते फाइलची पानं उगाच खालीवर करत होते. मला इतकं वाईट वाटलं, की मी खाली वाकून त्या कुजलेल्या पानांतून एखादं तरी पिवळं मिळतंय का ते शोधायला लागलो. मिळालं नाही.

ताई कुणाला न विचारता चालत गेल्या आणि झाडाच्या बुंध्याशी उभ्या राहिल्या.

"काढा," त्या म्हणाल्या.

"पानं नाहीत गं."

"मी आहे ना? का पानांचाच काढायचा होता?"

साडू उठले. तिपाई माझ्या खांद्यावर राहिली, प्रकाश मोजायचं यंत्र बॅगेत राहिलं, हनुवटी खाली घे असंही ते म्हणाले नाहीत. त्यांची ती लगबग आणि अर्धवट सरकलेली कानटोपी बघून ताईंना हसू फुटलं, आणि साडूंनी बटण दाबलं. मग कॅमेरा डोळ्यांजवळ धरून ते पडद्याकडे बघत बसले. एकदा पाहिलं, बंद करून पुन्हा उघडलं, पुन्हा पाहिलं. "आलाय," ते म्हणाले. "अगं, आलाय." त्यांनी तो मला दाखवला. मागे बोडकं झाड, केस पांढरे झालेल्या ताई, फोटो किंचित तिरका. मी म्हणालो, छान आलाय. माझी बायको पदराने डोळे पुसत होती, आणि माझ्या डोळ्यांचं कोणी विचारलं असतं तर मी थंडीमुळे म्हणालो असतो.

तो फोटो आता त्यांच्या दिवाणखान्यात आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला ताईच दाखवतात. साडू तेव्हाही खिडकीबाहेर बघतात, पण जरा हसत.

या वर्षी दसरा झाला, कोजागिरी झाली, तरी 'शरद मोहीम'वर एक अक्षर आलं नाही. पहिले काही दिवस मी सुटलो म्हणून निवांत झोपलो. मग पहाटे साडेपाचला आपोआप जाग यायला लागली. मी फोन उचलून बघायचो आणि पुन्हा आडवा व्हायचो. शेवटी एका रविवारी सकाळी मीच फोन लावला आणि विचारलं, "काय साडूभाऊ, यंदा कुठे?"

"कुठे म्हणजे?" ते म्हणाले. आवाजात कसलीही घाई नव्हती. "झालं की आपलं काम. तुम्ही बरे आहात ना? या एकदा चहाला, सवडीने."

सवडीने! हा शब्द त्यांच्या तोंडी मला कसासाच वाटला. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. बायकोने आतून विचारलं, कुठे जायचंय का आज? मी म्हणालो, नाही, कुठेच नाही. सकाळचे साडेसात वाजले होते, अख्खा रविवार माझा होता, आणि तो घेऊन मी नुसता बसून राहिलो.