एक सोडून एक पातं

अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचं काम मी फरीदाबादच्या आमच्या फ्लॅटमधूनच करायचे आणि फाइल पुण्याच्या एका संस्थेला पाठवायचे. एकदा तिथल्या बाईंचा फोन आला. "वाचन छान आहे तुमचं, पण मागे गिरणी चालू असल्यासारखा आवाज येतो. स्टुडिओत जाऊन रेकॉर्ड करणं जमतं का बघा. नाहीतर राहू द्या."

ते 'राहू द्या' मला लागलं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्यांना तासाभरापेक्षा जास्त एकटं ठेवता येत नव्हतं आणि स्टुडिओ थेट दिल्लीत.

गिरणी म्हणजे माझा जुना कॉम्प्युटर. मार्केटमधल्या दुरुस्तीवाल्याने तो उघडून दाखवला. प्रोसेसरवर अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा होता, हीटसिंक, त्याला कंगव्यासारखी दाट पाती. पाती उष्णता ओढून घेतात आणि वरचा छोटा पंखा ती बाहेर फेकतो. "पत्तियाँ इतनी पास-पास हैं मॅडम, हवा ज़ोर से ही जाएगी. पंखा तो चिल्लाएगा."

मी विचारलं, "मग पाती कमी केली तर?"

"छेड़ोगे तो जल जाएगा." तो हसला.

घरी नवरा म्हणाला, "अगं, वर्षभर ब्रेक घे ना यार. कोण विचारतंय?"

विचारत कुणीच नव्हतं, पण ब्रेकही मी मागितला नव्हता. माझे वडील पिंपरीच्या कारखान्यात फिटर होते. कानस कशी धरायची हे मी त्यांच्याकडून शिकले होते. माझं साधं गणित होतं. पात्यांमध्ये मोकळी जागा झाली तर मोठा पंखा सावकाश फिरला तरी हवा आरपार जाईल.

दुपारी सासूबाई झोपल्या की मी बाल्कनीत बसायचे. धातूचा कीस कॉम्प्युटरमध्ये पडू नये म्हणून ठोकळा बाहेर काढून घेतला होता. पक्कडीत एकेक पातं धरायचं, मागे-पुढे वाकवायचं, मुळाशी तुटेपर्यंत. मी उत्साहाने दर तिनातली दोन काढली. आणि तिथेच चुकले. उष्णता सोडायला पातीच उरली नाहीत. कॉम्प्युटर दहा मिनिटांत आपोआप बंद पडला.

मी सरळ दुरुस्तीवाल्याकडे गेले आणि त्याच्या भंगाराच्या खोक्यातून तसाच दुसरा ठोकळा शोधून काढला.

"फिर से तोड़ोगी?" त्याने विचारलं.

"हाँ, फिर से."

या वेळी एक सोडून एक पातं काढलं. खुंट कानसून साफ केले, ठोकळा धुऊन उन्हात वाळवला. जुन्या पंख्याच्या जागी तळहाताएवढा मोठा पंखा बसवला, तो अर्ध्याहून कमी वेगाने फिरेल असा ठेवला आणि थरथर माइकपर्यंत पोचू नये म्हणून खाली रबराचे तुकडे दिले.

मे महिना होता. भर दुपारी खोलीतला कूलर बंद केला, दार लावलं आणि वाचायला बसले. घाम पुस्तकाच्या पानावर पडत होता. स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दिसत होतं. पासष्ट, अडुसष्ट, बहात्तर. बहात्तरवर ते थांबलं. तासभर तिथेच राहिलं. फाइल लावून ऐकली तेव्हा मागे काहीच नव्हतं, फक्त शेजारच्या खोलीतून सासूबाईंचा खोकला, एकदाच. तेवढं वाक्य परत वाचलं.

नवऱ्याने हेडफोन लावून ऐकलं. "बिल्कुल आवाज नाहीये," म्हणाला आणि वाकून पंखा खरंच फिरतोय ना ते बघितलं.

घरूनच पुन्हा प्रयत्न करते असं कळवल्यावर पुण्याच्या बाईंनी पाच मिनिटांचा नमुना मागितला होता. मी नमुना पाठवला नाही. दोन आठवडे रोज दुपारी बसून अख्खं पुस्तक वाचलं आणि ते पाठवून दिलं. सोबत लिहिलं की स्टुडिओ घरीच आहे, पुढचं पुस्तक पाठवा.

पुस्तक त्यांनी घेतलं. उच्चाराच्या तीन चुका कळवल्या. दोन मी सुधारल्या. तिसऱ्या शब्दाचा उच्चार माझाच बरोबर आहे आणि तो मी बदललेला नाही.