याडीच्या हाताचा कोबा

पांढरकवड्याच्या नाक्यावर सागाच्या ओंडक्यांनी भरलेला ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर चहा पीत होता. त्याचा चहा संपला की आम्ही निघणार, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून माझी याडी, म्हणजे माझी आई, त्याच्या कपाकडे अशी रागाने बघत होती की बिचाऱ्याने अर्धा चहा तसाच ठेवला. आण्यांच्या जागी नवे पैसे येऊन चार-पाच वर्षं झाली होती. कापसाची वेचणी संपली होती आणि तांड्यावर कुणालाच फारसं काम नव्हतं, त्यामुळे मला पोचवायला घाटंजीकडून निम्मा तांडा आला होता.

आमच्या ह्यांनी, म्हणजे फुलसिंगांनी, हैदराबादच्या सडकेवर पुलांची कामं केली होती. सिमेंट कालवावं तर त्यांनीच. एका मुकादमाने त्यांना हैदराबादला बोलावलं, जोडीने या म्हणाला. याडीला ते मुळीच पटलं नाही. आम्ही बंजारे घरात गोरबोली बोलतो, पण सगळ्यांना कळावं म्हणून तिचं बोलणं मी वऱ्हाडीतच लिहिते. ती म्हणाली, "आपले आजे-पणजे बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरले. दोन पिढ्या लागल्या पाय जमिनीले टेकवाले. अन् तू काहून उठून चालली?" मी म्हटलं, काम आहे तिथे. त्यावर ती जे बोलली ते मी ट्रकमध्ये आदिलाबाद येईपर्यंत चघळत होते. "काम कायचं? लोकायची माती डोक्यावर वाहून राहशील. इथं निदान आपली हाय."

तांड्यावरच्या बायांनो, आणि माझ्यासारख्या तांडा सोडून नागपूर-भिलाईला गेलेल्या बायांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. मी चौथी पास आहे, अक्षर अजून बरं आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवा, आणि माझी फजिती येईल तिथे आवाज कमी करू नका.

हैदराबादेत पोचल्यावर मी पहिले चार दिवस रडले आणि पाचव्या दिवशी पोट धरून हसले. झालं असं की कामावर तेलंगणातल्या दोन लमाणी बाया होत्या. बाजारात तेलुगू, मिस्त्रीशी उर्दू, आणि एकमेकींशी? चक्क आपली गोरबोली. माझा घेरदार फेटिया, माझी आरशांची काचळी त्या आधीच न्याहाळून बसल्या होत्या आणि माझ्या देखत माझ्याविषयी बोलत होत्या, की ही वऱ्हाडची दिसते, काचळीला आरसे कमी आहेत, नवरा कंजूष असेल. मी सगळं ऐकून घेतलं आणि मग आपल्या बोलीत उत्तर दिलं. त्या दिवसापासून आम्ही तिघी एका ताटात जेवू लागलो.

पण याडी म्हणाली तेच खरं झालं. बाईने घमेलं वाहायचं, थापी पुरुषाने धरायची, हा कायदा इथेही होता. आमचे मिस्त्री, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, कोब्याचे मोठे कारागीर. सिमेंटचा कोबा ते असा घोटत की त्यात बघून भांग पाडावा. मी त्यांच्या मागे घमेलं घेऊन उभी राहायची आणि माझे हात शिवशिवायचे. तांड्यावर माझं अंगण बघायला बाया येत, हे तुम्हाला आठवत असेल. नसेल आठवत तर खोटं तरी बोला. तर असे माझे हात, आणि दिवसभर फक्त रेती-खडी वाहायची. याडीला पत्रात काय लिहायचं? मी लिहायची, काम चांगलं आहे. एवढंच लिहायची.

दोन वर्षांनी एका टेकडीवरच्या बंगल्याचं काम आलं. त्या बंगल्यात पोहायचा हौद होता. हो, घरातला, एकट्या घराला पोहायला. आपल्याकडे हंडाभर पाण्यासाठी रांग लागते आणि इथे एवढं निळं पाणी नुसतं पडून. आधी मला राग आला, मग मी गुपचूप पाय बुडवून पाहिला, मग राग गेला. हौदाच्या चारी बाजूंनी चालायला सहा हात रुंद कोबा होता, उस्तादांनीच पूर्वी घातलेला, आरशासारखा गुळगुळीत. तिथेच घात झाला. घरच्या बेगमसाहेबा रोज सकाळी पोहत. ओल्या पायाने बाहेर आल्या, घसरल्या, आणि मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये बांधून त्यांनी उस्तादांना बोलावलं आणि सांगितलं, हे सगळं उखडा आणि नवीन घाला. पुन्हा कुणाचा पाय घसरला तर तुम्ही आणि तुमची माणसं या फाटकात दिसायची नाहीत. त्यांच्या ओळखीतल्या चार बंगल्यांची कामं आमच्याकडे होती. ती गेली असती तर आम्हाला परतीचा ट्रकच धरावा लागला असता.

जुना कोबा फोडला, मुरूम दाबला, ढाळ हौदाकडून बाहेर दिला, म्हणजे अंगणातली घाण पाण्यात जायला नको. एक बाजू ओतून झाली. उस्ताद म्हणाले, या वेळी घोटाई थोडी कमी करतो. पण त्यांचा हात कमी घोटणाऱ्यांतला नव्हताच. शिकलेला हात विसरत नाही. दुपारी ते नमाजाला गेले. ऊन असं की काँक्रीट डोळ्यांदेखत आवळत चाललं. आमचे हे म्हणाले, उस्ताद येईपर्यंत हे घट्ट होईल, मग काय करायचं? आणि मला एकदम आपली अंगणं दिसली. आपण शेणाने सारवतो तेव्हा बोटांनी अर्धचंद्र काढत मागे मागे सरकतो, त्याला आपण नुसती नक्षी म्हणतो. पण दिवाळीत न्हाणीतून ओल्या पायाने आलेलं पोर त्या अंगणात कधी घसरलंय का? मी तरी पाहिलं नाही.

मी खाली बसले. आमचे हे म्हणाले, "अवं, काय करून राह्यली तू?" मी म्हटलं, सारवून राह्यली. आणि चारी बोटं ओल्या काँक्रीटमध्ये घालून मी याडीचा अर्धचंद्र काढला, त्याच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा. दोन हात जागा झाली आणि बोटं चुरचुरायला लागली. शेण आणि सिमेंट यांत फरक असतो, हे जगात फक्त आपल्या तांड्याच्या बाईलाच विसरता येईल. शेणाने हात मऊ होतात, सिमेंट कातडं खातं. पण आता अर्ध्यात सोडून कसं चालेल? मी झाडायची शिंदीची फडी उचलली, तिने तेच अर्धचंद्र ओढले आणि उस्ताद यायच्या आत ती सगळी बाजू पुरी केली.

उस्ताद आले, टोपी काढून खिशात ठेवली आणि उकिडवे बसले. मग म्हणाले, "ये क्या कर दी अम्मा? मुर्गियाँ नाचे सरीका दिखरा." थापी फिरवून बघितली, पण काँक्रीट घट्ट झालं होतं. तेवढ्यात बेगमसाहेबा आल्या. उस्ताद घाईघाईने म्हणाले, सकाळी फोडून टाकतो. बाई खाली वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सूखने दो. मैं चल के देखूँगी."

सात दिवस गोणपाट अंथरून त्यावर पाणी मारायचं होतं. ते काम मी कुणाला करू दिलं नाही. माझ्या बोटांची सालं निघाली होती, भाकरी थापता येत नव्हती. आमचे हे भाकरी थापत आणि त्या बघायला शेजारच्या बाया पोरंबाळं घेऊन येत. पण मनात मी रोज पांढरकवड्याच्या नाक्यावर उतरत होते आणि याडी विचारत होती, आली का माती वाहून?

आठव्या दिवशी गोणपाट काढलं. बेगमसाहेबा पाण्यात उतरल्या, प्लास्टरचा हात वर धरून तशाच चिंब बाहेर आल्या आणि चालायला लागल्या. आधी भिंतीला धरून, मग मोकळ्या. परत फिरल्या आणि जरा जोरात आल्या. तिसऱ्या खेपेला ती पन्नाशीची बाई, खरं सांगते, पळाली. पळता पळता हसत होती, आणि आम्ही तिघी घमेली खाली ठेवून हसत होतो. उस्तादांनी तळव्याने कोबा चाचपला आणि नुसतं "हौ" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घमेलं उचलायला गेले तर ते जागेवर नव्हतं, तिथे त्यांची जुनी थापी ठेवलेली होती. उरलेल्या तीन बाजू मी केल्या. त्यानंतर अशा चार हौदांचे कोबे उखडून मी नवीन घातले, आणि आता बंगल्याचा माळी निरोप घेऊन येतो तेव्हा उस्तादांना नाही, मला विचारतो.

हे सगळं मी याडीला कळवलं नव्हतं. पत्रात फुशारकी मारली तर तिचा विश्वास बसायचा नाही. गेल्या हिवाळ्यात ती आली. चार दिवस माझं घर, माझी भांडी, माझा नवरा, सगळ्यांत खोट काढून झाली. मग बेगमसाहेबांची परवानगी घेऊन मी तिला बंगल्यावर नेलं. हौदाकडे बघून ती म्हणाली, "एवढं पाणी, अन् एक ढोर नाही प्यायले?" आणि पाण्याचा विषय तिच्यापुरता संपला. मग तिने खाली पाहिलं. ती बसली. तळवा टेकवून एका अर्धचंद्रावरून दुसऱ्यावर नेत ती बरीच पुढे गेली, आणि मी तिच्या मागे उभी होते. बेगमसाहेबा चालल्या तेव्हाही मला एवढी धास्ती नव्हती. शेवटी ती म्हणाली, "हे तुयाच हातचं हाय. कोपऱ्यात घाई केली तू." खरंच, त्या कोपऱ्यात मी घाई केली होती. मला इतका आनंद झाला की रडू आलं आणि मी रडले, तिच्यासमोर, लाज न बाळगता.

मग तिने विचारलं, "आठ दिवसानं सारवा लागत असन?" मी मोठ्या ऐटीत सांगितलं, नाही याडी, वीस वर्षं हात लावायला नको. तिने हात पदराला पुसला आणि म्हणाली, "मंग इथल्या बाया एकामेकीले भेटतात कवा?"

ती गेल्यावर आमचे हे म्हणाले, दारापुढची माती कशाला ठेवायची, आपण सिमेंट आणू, तू एवढी कारागीर, आपल्याच अंगणात कोबा नाही? मी नको म्हटलं. ते तासभर कारण विचारत होते. पुढच्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी आमच्या घरांच्या ओळीतल्या सगळ्या बायांना हाक मारली. वऱ्हाडची मी एकटी, बाकी तेलंगणाच्या, दोघी कर्नाटकच्या. दुपारपर्यंत सात दारं सारवून झाली आणि कुणाची सासू कशी आहे ते सगळं मला कळलं. तेव्हापासून एकही शुक्रवार चुकला नाही. कुणी मला घर कुठे विचारलं तर मी आता घाटंजीचं नाव घ्यायच्या आधी या ओळीचं नाव घेते, आणि मग घाटंजीचंही घेते. तुमच्यापैकी कुणी इकडे आलं तर शुक्रवारीच या. शेण मी आदल्या दिवशी आणून ठेवते.