कोहळ्याशी बोलणारी बाई

तिचे व्हिडिओ कदाचित तुम्हीही पाहिले असतील. डोक्यावर पदर घेतलेली एक बाई चुलीपुढं बसून भाज्यांना नातेवाइकांसारखं झापते, आणि पाहणारा पोट धरून हसतो. मी त्या बाईच्या हातचं कॉलेजची सगळी वर्षं जेवले आहे. हे सांगितलं की लोक विचारतात, ती खरंच तशी बोलते की कुणी लिहून देतं? कोण लिहून देणार? आम्ही मुली ताटं घेऊन समोर बसलेल्या असायचो आणि तिचं आमच्याकडे लक्षही नसायचं. मला लिहायची फारशी सवय नाही. पण तिच्यामुळं मी कॉलेजात टिकले, तेव्हा निदान एवढं तरी लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

मी भामरागडच्या पलीकडच्या एका गावातली. घरी आम्ही माडिया बोलायचो. मराठी मी आश्रमशाळेत शिकले, तीही पुस्तकातली. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. चंद्रपूरला मुलींच्या वसतिगृहात आले तेव्हा पावसाळा होता आणि पहिल्याच आठवड्यात मला परत जायचं होतं. पण तिकडे पर्लकोटा नदी पुलावरून वाहत होती, गाडी आलापल्लीच्या पुढं जात नव्हती. म्हणून राहिले, दुसरं काही कारण नाही. वर्गात तोंड उघडायची भीती वाटायची. मी बोलले की मुली एकमेकींकडे बघायच्या. मग मी स्वयंपाकघराच्या पायरीवर जाऊन बसू लागले. तिथं चूल होती आणि धुराचा वास आमच्या घरासारखाच होता.

बाईनं मला काही विचारलं नाही. बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगांचा ढीग पुढं सरकवला आणि म्हणाली, "मोड." मी मोडू लागले. थोड्या वेळानं ती त्या शेंगांनाच म्हणाली, "हे पोरगी बोलत नाई. तुमीच बोला तिच्यासंग. पण लग्न झालं का, हे इचारू नका, पहिलेच सांगून ठेवतो."

मला हसू आलं. चंद्रपूरला आल्यापासून मी तेव्हा पहिल्यांदा हसले असेन.

ती तशी बोलल्याशिवाय स्वयंपाक करूच शकत नसे. बटाट्याला म्हणायची, "तू तर साऱ्याच भाज्याईत घुसते गा, तुले घरदार नाई का?" वरणाच्या भांड्यावरचं झाकण वाजायला लागलं की म्हणायची, "थांब वं, मले पुरं बोलू तर दे." कांद्याशी मात्र अबोला. "त्याच्यासंग माहं भांडण हाय," असं आम्हाला सांगायची. नवरा लवकर गेलेला, एक मुलगी पदरात, माणसांशी बोलायला वेळ कुठला? ही सवय तिथूनच लागली असावी, असा माझा अंदाज. तिनं तसं कधी सांगितलं नाही.

सगळ्यात मान कोहळ्याला होता. लाल भोपळ्याला आमच्याकडे कोहळं म्हणतात. बाजारातून मोठं कोहळं आलं की ती ते पाटावर ठेवायची आणि पदर सावरून सुरू करायची. "आले का इवाईबुवा? बसा, बसा. पोट पाहा कसं गोल झालं! घरून जेऊनच निंगाले वाटते, आन् आमी इथी तुमच्यासाठी चूल पेटवून बसलो. जरा सरकून बसा ना, बाकीच्याईले बी जागा लागते." मग विळी घेऊन, "काऊन, लागलं का? पोरगी मांगाले आले तवा लाजले नाई, आता काऊन लाजता?"

इवाई म्हणजे व्याही. आमच्या भागात लग्न ठरलं की इवाई आणि इहीन एकमेकांची टर उडवणारच. बाया तर त्यावर गाणी रचतात. त्यामुळं कोहळ्याला इवाई करणं यात तिला काही विशेष वाटत नव्हतं.

माझी एक मैत्रीण ऊर्जानगरची होती. तिचे वडील वीज केंद्रात, राहायला क्वार्टर. कंपनीच्या बसनं यायची आणि दुपारचा डबा आमच्यात बसून खायची. तिच्याकडे कॅमेऱ्याचा मोबाइल होता. एका दुपारी तिनं कोहळ्याचं सगळं बोलणं त्यात भरून घेतलं. बाईला दाखवलं तर ती म्हणाली, "हे कोण बुढी होय? लय बोलते." मैत्रिणीनं ते भावाला दिलं. कंपनीच्या बसमध्ये ते ब्लूटूथनं एका मोबाइलातून दुसऱ्यात गेलं. तिथून बसस्टँडजवळच्या एका दुकानात. त्या दुकानाबाहेर 'मोबाइलमध्ये गाणी भरून मिळतील' अशी पाटी होती. दुकानवाले चाचा मेमरी कार्डात गाणी भरायचे आणि हसून म्हणायचे, "गाने के साथ कोहळं फ्री." अशा रीतीनं कोहळं राजुऱ्याला गेलं, गडचांदूरला गेलं, आठवडी बाजारांतून गावोगावी गेलं.

आवाज कुणाचा हे कळल्यावर ते चाचा आपल्या बायकोला घेऊन वसतिगृहात आले होते. दारातच उभं राहून म्हणाले, "बाई, आपसे पूछा नही, गलती हो गयी. तुम्ही म्हणाल तर आजच काढून टाकतो." बाईनं विचारलं, "लोक हासतात का?" चाचा म्हणाले, "इतना हँसते है, कार्ड घेऊन जायचं विसरतात." "मंग राहू द्या ना भाऊ," बाई म्हणाली आणि त्यांच्या बायकोला चहा पिऊन जाण्याचा आग्रह करत बसली.

पुढं तिचं नाव वाढत गेलं. मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, नाटक करणाऱ्या एका मंडळानं तिला विनोदी भूमिकेला बोलावलं. स्टेजवर लाकडाची खोटी चूल मांडली होती. तिच्यापुढं बसून बाईच्या तोंडातून शब्द फुटेना. शेवटी खरी चूल पेटवावी लागली, तेव्हा ती बोलली आणि मग थांबेना. नंतर माझ्या मैत्रिणीनं तिचे व्हिडिओ इंटरनेटवर चढवले. आता परदेशातून लोक लिहितात. हे सगळं चांगलंच झालं. पण या सगळ्याच्या अगोदर, त्या पहिल्याच हिवाळ्यात, हे सारं तिथंच संपलं असतं.

तेव्हा बाईच्या मुलीची सोयरीक चालली होती. मुलगी शिवणकाम करायची. जिवतीकडचं स्थळ होतं. मुलगा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा. तो आपल्या मामासोबत एकदा बघून गेला होता. त्यानं सगळ्यांसमोर मुलीला विचारलं होतं, "मशीन संग आणाल ना? आमच्या गावात शिवणारं कोणी नाई." तिला तो मनापासून आवडला होता. ती हे बोलली नव्हती, पण दुसऱ्याच दिवशी तिनं मशीनला तेलपाणी केलं होतं. मुलाच्या वडिलांना मात्र अजून या दोघींनी पाहिलेलंही नव्हतं.

आणि एक दिवस बाईचा भाऊ निरोप घेऊन आला. "ताई, ते तुहं कोहळं त्याईच्या गावात पोचलं. मुलाचा बाप अंगानं लय गोल हाय म्हणते. साऱ्या बाजारात लोक त्याले इवाईबुवा म्हणून हाका मारून राह्यले. त्यानं तुले घरी बोलावलं, चार लोकाईत."

मुलीनं ते ऐकलं आणि शिवत असलेलं पोलकं खाली ठेवलं. "झालं. माहं लग्न कोहळ्यानं मोडलं."

"अवं, मी त्याले पाह्यलं बी नाई अजून," बाई म्हणाली.

"तिथी जाऊन अजून बोलशील. तुले राहवते का? माही शपथ हाय, तिथी तोंड उघडू नको."

बाईनं शपथ घेतली. इतकी घेतली की घरून निघायच्या आधीपासूनच गप्प झाली. दोन-चार दिवस वसतिगृहात भाज्या मुकाट्यानं शिजल्या. आम्ही मुली जेवायचो आणि उठायचो. तिथं किती शांतता असू शकते, हे मला तेव्हा कळलं.

निघायच्या आदल्या दिवशी बाई मला म्हणाली, "तू चाल माह्यासंग. तू शिकलेली हायेस. तूच सांग त्याईले, का हे त्याईच्याबद्दल नाई." मी वर्गात हजेरी द्यायलाही घाबरायचे. पण तिला नाही म्हणणं मला जमलंच नसतं. बसमध्ये बाई, तिचा भाऊ आणि मी असे तिघं होतो. घाटाची वळणं लागली आणि मी मनात वाक्यं जुळवत राहिले. चुकू नये म्हणून सगळी पुस्तकी वाक्यं.

अंगणात बाजेवर, पोत्यावर पंधरा-वीस माणसं बसली होती. आतून मुलाचे वडील आले आणि ते खरोखरच गोल होते. डोक्याला फेटा, कपाळ तुकतुकीत. बाईनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला. सगळ्यांना वाटलं, घाबरली. मी शेजारीच होते. तिचे खांदे हसण्यानं हलत होते.

पाणी झालं. मी उभी राहिले. "आदरणीय काका आणि उपस्थित मंडळी," अशी सुरुवात केली. मागून दाराआडून मुलाच्या आईचा आवाज आला, "हे पोरगी निवडणुकीले उभी हाय का?" दोन-तीन माणसं हसली. मी थांबले नाही, कारण थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. मी सांगितलं की त्या क्लिपमधला इवाई म्हणजे काका नव्हेत. ती क्लिप सोयरीक निघायच्या आधीची आहे. बाईंनी तेव्हा काकांना पाहिलंही नव्हतं. त्या प्रत्येक कोहळ्याला असंच बोलतात. काकांचा त्याच्याशी कसलाही संबंध नाही.

मला वाटलं, फार छान बोलले.

काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे," ते हळूच म्हणाले, "तो मी नाई?"

"नाही काका. अजिबात नाही."

"साऱ्याच कोहळ्याईले म्हणते?"

"हो, सगळ्यांनाच."

ते बाजेवर बसले. मग मुलाची आई बाहेर आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काय करून ठेवलं वं पोरी! हे बाजारात छाती काढून फिरून राह्यले. म्हणते, माह्या इहिनीनं मले मोबाइलात टाकलं. हे सारे पाहुणे त्याच्यासाठीच बोलावले, का इहीन कशी हाय ते पाहा म्हणून."

आम्ही राग शांत करायला आलो होतो आणि राग नव्हताच. होता तो त्या माणसाचा आनंद, आणि तो मी त्याच्याच माणसांसमोर, शुद्ध भाषेत काढून घेतला होता. पोत्यावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलंच, "मंग भाऊ, तो कोहळा कोण होय?" काका फेटा काढून मांडीवर ठेवत राहिले. बाईचा भाऊ चपला शोधू लागला.

बाईनं तोंडातला पदर काढला. मी तिचा हात धरला, शपथेची आठवण म्हणून. तिनं तो सोडवून घेतला. ओसरीच्या आढ्याला शिंक्यात एक मोठं कोहळं टांगलेलं होतं. ती माणसाला तसं कधी बोलत नसे. आत्ताही बोलली नाही. वर बघून त्या कोहळ्यालाच म्हणाली:

"काऊन गा? तुहा भाऊ इथी चार लोकाईत एकटा बसला आन् तू वरतीच लटकून राह्यला? शरम नाई वाटत? हा जत्रेत हरपला होता म्हणून आमी वर्षोनुवर्षं याले साऱ्या चंद्रपुरात धुंडलं. एकेका कोहळ्याले इचारलं, इवाईबुवा तुमीच का, इवाईबुवा तुमीच का. साऱ्याईनं गपचूप कापून घेतलं, पण कोणी हो म्हटलं नाई. आज सापडले तर तू वरून पाहून राह्यला! उतर खाली, पाय लाग मोठ्या भावाच्या."

सगळ्यात आधी हसली ती मुलाची आई. तिला दाराची चौकट धरावी लागली. मग पोत्यांवरचे सगळे. काका उठले, शिंक्यातलं ते कोहळं त्यांनी स्वतः उतरवलं, मांडीवर घेऊन बसले आणि म्हाताऱ्याकडे बघून म्हणाले, "पाह्यलं? धुंडून राह्यली होती मले." त्यांचे डोळे ओले होते. हसून झाले असतील, नक्की सांगता येत नाही.

नंतर मुलाची आई कमरेला पदर खोचून पुढं आली. "इहीनबाई, आता माही बारी." आणि त्या दोघी दुपारभर एकमेकींना सोडेनात. लग्न कधी ठरलं हे मला कळलंही नाही. मध्येच कुणीतरी साखर वाटली तेव्हा कळलं. जेवायला वांग्याची भाजी आणि तुरीच्या शेंगा होत्या. ते कोहळं काकांनी कापू दिलं नाही.

काकांनी मला जवळ बोलावून म्हटलं, "पोरी, तू बोलते चांगली. घाबरू नको. फकत एवढं खरं बोलत जाऊ नको." त्या आठवड्यात मी वर्गात पहिल्यांदा हात वर केला. उत्तर बरोबर होतं की नाही ते आठवत नाही. कुणी माझ्याकडे बघतंय का, हे मी पाहिलं नाही, एवढं आठवतं. ते त्या अंगणामुळं झालं आणि त्या अंगणात मला बाईनं नेलं होतं.

परतताना बाई पुन्हा गप्प झाली. आता भीती मुलीची होती. शपथ मोडली होती ना. चंद्रपूरला त्यांच्या खोलीवर पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. मुलगी दारातच उभी होती. तिनं आमच्या तोंडाकडे पाहिलं, मग आईच्या पदराच्या गाठीतली साखर पाहिली. पण एकदम हसली नाही.

"बोललीस ना तू?"

बाईनं मान खाली घातली. "त्याईले नाई बोललो. कोहळ्याले बोललो."

मशीनवरचा कपडा बाजूला सारून मुलीनं आईला बसायला जागा केली आणि स्वतः तिच्या पायाशी बसली.

"सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग. आन् त्याईनं काय म्हटलं, ते बी."