हेळव्याच्या वहीत नसलेलं नाव
नव्या आंबेमोहोराचा वास आला की मला साठ सालच्या सुमाराचं मुळशीतलं आमचं खळं आठवतं. मळणी उरकली होती आणि घराण्याच्या पिढ्या सांगणारा हेळवी बैलावर बसून आला होता. त्यानं खापरपणज्यापासून वडिलांपर्यंतची नावं घडाघडा म्हटली, मग वही उघडून मला विचारलं, "म्होरं लेक किती हायेत?" वडील बाजाराला गेले होते. सावत्र आई शेजारीच भात पाखडत होती, तिचं तान्हं पोर झोळीत निजलं होतं. माझी आई जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती. मी म्हणालो, "मी एकलाच." सुपाचा आवाज थांबला. हेळव्यानं पुन्हा विचारलं, "दुसरं कुनी न्हाई?" "न्हाई." रीतीप्रमाणे सावत्र आईनं सूप भरून भात हेळव्याच्या पोत्यात ओतला, नेहमीपेक्षा जास्तच. वडिलांना तिनं सांगितलं नाही आणि मीही नाही. पुढं तो हेळवी फिरकलाच नाही. यंदा त्याचा नातू तीच वही घेऊन आला. नावं माझ्यापाशी येऊन थांबली. शेजारी बसलेला माझा भाऊ माझ्याकडे न बघता उठला आणि सूप भरून आणायला आत गेला.