सहाव्या गाण्यातली बाई

आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन चुकतं, ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलंच नाही. मीठ-मासळीत बोटं ताठ झाली आहेत, त्यामुळे अक्षरही वेडंवाकडं येतं. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही लेकीची गेल्या वर्षीची आहे, मागची पानं कोरी होती. कोणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. तोंडाने बोलता येत नाही ते इथे ठेवते.

माझा भाचा, भावाचा मुलगा, बोईसरच्या कारखान्यात पाळीवर जातो. तिथल्याच तिघांना घेऊन त्याने गाण्याची टोळी केली. आठ गाणी, आठांची मिळून एक गोष्ट: बुडालेली नवरी हडळ होऊन नवऱ्याच्या होडीत परत येते. तोंडाला पांढरं फासायचं, फाटका शालू नेसायचा आणि ओरडायचं. याला रॉक म्हणतात.

होळीच्या आधी तो घरी आला. "आते, रेकॉर्डिंगला चाळीस हजार कमी पडतात. नारळी पुनवेला परत देतो."

माझी भिशी नुकतीच लागली होती. पाऊस संपला की धक्क्यावर रोखीने बोंबील घ्यायचे, बांबूवर वाळवायचे आणि विकायचे, त्यासाठीचे ते पैसे. ते नसले तर बांबू रिकामे आणि मीही रिकामी. पण मला नाही म्हणता येत नाही. दिले. नवऱ्याला सांगितलं, भिशी अजून लागली नाय.

त्या दिवसापासून मला भाच्याचा संशय यायला लागला. एकदा त्याचं पार्सल आमच्या पत्त्यावर आलं. फोडलं तर आत मेणाचा हात. हा भगताच्या नादी लागला आणि माझे पैसे कोंबड्या-नारळांत गेले, असंच मला वाटलं. चार दिवस तो हात मी मिठाच्या गोणीमागे लपवला. मग भाचा घेऊन गेला, म्हणाला हडळीच्या सोंगासाठी मागवलाय.

पावसाळ्यात गाणी मोबाईलवर आली. भाचा म्हणाला, लोकांना आवडली की कार्यक्रम मिळतील, कार्यक्रम मिळाले की पैसे. म्हणून रोज लेकीला विचारायची, लोक काय लिहितात?

लेक दहावीत आहे. ती वाचायची, "एक नंबर. जबरदस्त. दादा, आग लावली."

"वाईट कोणीच नाय लिहित?"

"नाय गं आई."

वाचताना तिचा अंगठा भराभर वर सरकायचा. बाजारात ताज्या मासळीखाली शिळी लपवणाऱ्या बायकांचे हात असे चालतात. ती शाळेत गेल्यावर मी मोबाईल घेतला. इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत, मराठी मात्र जोडून जोडून वाचली.

"पहिली तीन गाणी बरी, पुढे नुसता गोंगाट."

"गाणं ऐकतोय की तमाशा बघतोय?"

"पीठ फासून कोणी भूत होत नाही. हसू आलं."

मला वाटलं, चाळीस हजार बुडाले. पण खाली बरेच जण एकाच गाण्यावरून भांडत होते.

"सहाव्या गाण्यात ती म्हातारी गाते तिथे अंगावर काटा आला."

"बाई नाही, मशीनचा आवाज आहे. खरी बाई एवढी रडकी गात नाही."

"शेवटी ती 'हाड' म्हणते ना, तेव्हा मी उठून दिवे लावले."

सहावं गाणं लावलं. ढोलकं बडवणं थांबलं आणि धवला सुरू झाला. धवला म्हणजे आमच्याकडचं लग्नाचं गाणं. सासू सांगायची, लग्नघराबाहेर तो म्हणू नये, अपशकुन होतो. चारचौघांत मी कधीच गात नाही. बोंबील टांगताना एकटी असले तरच हळू गुणगुणते. आणि मोबाईलमधून मीच गात होते. शेवटी 'हाड!' म्हणाले तेही मीच. त्या दिवशी बोंबलावर कावळा बसला होता.

लेक घरी आल्यावर तिच्यासमोर सहावं गाणं लावलं. ती रडायला लागली. "दादाने मागितलं म्हणून मी चोरून रेकॉर्ड केलं. तुला म्हातारी म्हणतात, म्हणून ते वाचलं नाय."

नारळी पुनव होऊन गेली, पैसे आले नाहीत. पुढच्या रविवारी भाचा त्याच्या ढोलवाल्याला घेऊन आला. केळव्याच्या एका रिसॉर्टवाल्याने त्यांना तीन कार्यक्रम दिले होते, पण अट घातली होती: ती बाई पाहिजे.

ढोलवाला हिंदीत म्हणाला, "मौसी, आप बस दो मिनट खड़ी रहना. मुँह ढक देंगे."

"नाय."

भाचा म्हणाला, "आते, तुझ्याशिवाय आमाला कोण विचारत नाय. लोक बघ ना काय लिहितात."

"वाचलंय मी. तुमाला पीठ फासलेले म्हणतात."

ढोलवाला हसला, भाचा नाही हसला.

मग मी बोलले. जन्मात एवढं बोलले नव्हते. "न विचारता आवाज नेला. लग्नाचं गाणं हडळीच्या तोंडात घातलं. मी येनार नाय. मोबाईलवरचा आवाज वाजव, पन माझं नाव कुठं घ्यायचं नाय. आनि प्रत्येक कार्यक्रमाचे पैसे मिळाले की आधी माझ्या हातात, मग तुमच्यात वाटा. नायतर तो आवाज आजच काढून टाक."

भाचा म्हणाला, "देतो, आते."

रिसॉर्टवालाही नुसत्या आवाजावर तयार झाला, पण मला भाच्यावर विश्वास नव्हता. पहिल्या कार्यक्रमाला लेकीला पाठवलं, पैसे किती मिळतात ते बघून ये म्हणून. ती म्हणाली, सहाव्या गाण्याला मुंबईची माणसं खुर्च्या सरकवून जवळ जवळ बसली. आणि मालकाने पाकीट दिलं ते तिने डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी पंधरा हजार आले. दुसऱ्या कार्यक्रमाचे तेरा.

तिसऱ्याचे आठ दिवस आले नाहीत. नवरा विचारायला लागला, भिशी कधी लागते? बोंबलाच्या होड्या यायला लागल्या होत्या. रोज सकाळी मी भाच्याची पाळी सुटायच्या वेळेला दारात उभी राहायची.

नवव्या दिवशी तो आला. घामेजलेला, कारखान्याच्या कपड्यांतच. बारा हजार दिले. मी नोटा एकेक करून उजेडात धरल्या, तो तोवर पाणी प्यायला. पुन्हा मोजल्या. चाळीस हजार पुरे झाले.