वन्संचं अंजिरी लुगडं

तुम्ही दोघांनी पत्रात विचारलं आहे की गोधडी कशी शिवतात आणि आजीचे टाके इतके सरळ कसे येतात. टाके सरळ येतात, कारण मी मोजून घालते. पण गोधडीच्या पोटात काय घालावं आणि काय घालू नये, हे मी चुकून शिकले. ती चूक लपवून नुसती कृती कळवणं मला बरं वाटत नाही.

रत्नागिरीच्या घरात तेव्हा सासूबाई, तुमचे आजोबा, मी, आमची तीन मुलं आणि माझी थोरली नणंद अशी माणसं होती. नणंदेला मी वन्सं म्हणत असे. त्यांचे यजमान लग्नानंतर दोन वर्षांनी आफ्रिकेत कारकुनीला गेले, ते आठ वर्षं परतले नव्हते. पत्र यायचं वर्षाकाठी एखादं. वन्सं माहेरी राहून आम्हा सगळ्यांचं करीत.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. स्वयंपाकघराच्या दारामागे मी वेळापत्रक डकवलं होतं. दुपारी दोन ते चार शिवण. सासूबाई म्हणत, "गोवर आता हिचा कागद वाचून मगच यायचा हो." त्या वर्षी मुलांना गोवर आला तो ओळीने तिघांना, आणि ती उठताहेत तोच लांज्याचे पाहुणे आले. चार दिवसांचे म्हणून आलेले पंधरा दिवस राहिले. इकडे गावात बायकांच्या हातकामाचं प्रदर्शन भरणार होतं आणि मी गोधडी देण्याचं कबूल करून बसले होते.

वरचं कापड जोडून तयार होतं. आत घालायला जुनेर कमी पडलं. वन्सं धाकट्याला पेज भरवत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या की माझ्या ट्रंकेत जुनेर आहे, ते घे. ट्रंकेत वर तीन विरलेली लुगडी होती. त्यांच्याखाली एक अंजिरी, घडीच्या रेघेवर रंग उडालेलं. ते त्यांच्या अंगावर मी कधी पाहिलं नव्हतं. वर्षभरात जे अंगाला लागलं नाही ते जुनं, असा माझा शाळेतला नियम. आमच्याकडे मात्र जुनेर म्हणजे नेसून नेसून मऊ झालेलं. ठेवणीतलं लुगडं कितीही वर्षांचं असलं तरी ते जुनेर नव्हे. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मला घाई होती. मी ते मधोमध फाडलं, त्याचे दोन थर केले आणि धावदोरा घालायला बसले.

निम्मी गोधडी झाली होती. एका सोमवारी पत्र आलं. वन्संचे यजमान मुंबईस उतरले होते आणि गुरुवारच्या बोटीने येत होते. प्रदर्शन शनिवारी होतं. वन्संनी पत्र दोनदा वाचलं आणि ट्रंक उघडली.

"अगो, माझं अंजिरी लुगडं पाहिलंस का? त्यांनी घेतलेलं. माझा अवतार बघ, आठ वर्षांत केस गेले, गाल बसले. ते नेसले तर ओळखतील तरी."

मी नाही म्हणाले. वर असंही म्हणाले की कसर लागली म्हणून सासूबाईंनी टाकलं असेल. सासूबाईंनी हात लावला नसल्याचं शपथेवर सांगितलं. वन्संनी माळा पाहिला, सगळी गाठोडी सोडली, शेवटी आपणच कुठे ठेवलं ते विसरलो म्हणून स्वतःलाच बोल लावत बसल्या. मी चटईवर शिवत होते. ते माझ्या हाताखाली होतं. फाडलेलं लुगडं देऊन उपयोग काय, असं मी मनाशी म्हणत होते.

गुरुवारी आम्ही बंदरावर गेलो. बोट लांब उभी राहिली, उतारू पडावातून किनाऱ्याला आले. वन्संचे यजमान तुमच्या आजोबांना भेटले, आमच्याकडे एकवार पाहिलं आणि विचारलं, "ही आली नाही का?"

वन्सं माझ्या खांद्याशी उभ्या होत्या, रोजच्या हिरव्या लुगड्यात. आधी त्याच हसल्या. "आफ्रिकेत ऊन फार. तिकडून आलेल्याला थोडे दिवस अंधारीच येत असेल." मग सगळे हसले. मला हसता आलं नाही.

गोधडीला दुसरा नंबर मिळाला. महिन्याभरात ती दोघं मुंबईस गेली आणि त्यांचा संसार नीट झाला, हे तुम्हाला सांगायला हवं.

दोन वर्षांनी वन्सं पहिल्या बाळंतपणाला आल्या. बाळाच्या दुपट्यासाठी मी माझं स्वतःचं, खरोखर विरलेलं लुगडं काढलं होतं. ते फाडायला हात उचलेना. तेव्हा मी त्यांना सांगितलं. आधीच फाडलं होतं म्हणून बोलले नाही, असंही सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. हातातल्या कापडाची कड बोटांनी चाचपत राहिल्या.

"फाडलेलं म्हणून काय झालं?" त्या म्हणाल्या. "उसवायला दोन दुपारी लागल्या असत्या. मी बसले असते तुझ्याबरोबर. दोन्ही तुकडे जोडून मधे शिवणीचा दांड घातला असता आणि तस्सं नेसले असते."

प्रदर्शन शनिवारी होतं आणि उसवली असती तर गोधडी तिथे गेली नसती, एवढंच उत्तर माझ्यापाशी होतं. ते त्यांना नाही, आज तुम्हाला लिहिते आहे.